मावशीला नसलेला पेसमेकर

रात्री 2 वाजून 20 मिनिटांनी फोन आला, मावशी गेली. शेवटची 3 वर्षं ती वृद्धांच्या शुश्रूषा केंद्रात होती, अंथरुणालाच खिळलेली. हे आज ना उद्या होणार हे माहीत होतं, तरी तिथे पोचेपर्यंत माझं डोकं बधिर झालं होतं.

खोलीच्या दाराशी एक गृहस्थ आधीच हजर. हातात छापील फॉर्म, आवाज मऊ. "तुम्ही कशाचीच काळजी करू नका, सगळं आम्ही बघतो." मला वाटलं, केंद्राचाच माणूस. तसं तो म्हणाला नाही, पण नाहीही म्हणाला नाही. मॅनेजरबाईंनी सांगितलं, खोली सकाळपर्यंत मोकळी करून द्या. लगेच हा म्हणाला, "बॉडी ताठरायला लागलीय, आत्ताच शरीर टिकवायचं औषध भरलं नाही तर दुपारपर्यंत अवघड होईल." रकमेचा रकाना कोरा दिसत होता, तरी मी सही केली. हा गाढवपणा माझाच.

नंतर डॉक्टर मित्राने समजावलं, की मृत्यूनंतर काही तासांत शरीर ताठरतंच आणि एक-दोन दिवसांत आपोआप सैलही पडतं. दुसऱ्या दिवशी दहन होतं, औषध भरायची गरजच नव्हती. शवागारात 2 ते 4 अंशांना शरीर काही दिवस नीट राहतं.

चौथ्या दिवशी त्या गृहस्थाचं बिल आलं. त्यात औषध भरण्याचे पैसे, मृत्यूचं प्रमाणपत्र 'मिळवून दिल्याचे' पैसे (ते तर केंद्राच्या डॉक्टरांनीच माझ्या हातात दिलं होतं), 'विशेष हाताळणी', म्हणजे काय देव जाणे. आणि खाली 'पेसमेकर काढणे'. दहनाआधी पेसमेकर काढावाच लागतो, उष्णतेने तो फुटतो, हे खरं. पण मावशीला पेसमेकर नव्हताच! फोन केला तर म्हणे टायपिंगची चूक. तेवढी ओळ कमी केली. बाकीच्याला तुमची सही आहे, म्हणाला.

तुमचं कुणी अशा ठिकाणी असेल तर आजच विचारून ठेवा: खोली किती वेळ ठेवता येते, शवागाराची सोय कुठे आहे, आणि शववाहिका आम्ही आमची आणली तर चालेल ना. अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्या दोघा-तिघांचे नंबर घरातल्या सगळ्यांकडे असू द्या. बाबवार दर लिहून घेतल्याशिवाय सही करू नका, कितीही रडू येत असलं तरी. त्या रात्री शेजाऱ्याला सोबत नेलं असतं तर त्याने तो कोरा रकाना सोडला नसता.

मावशीचं सामान आणायला गेलो तेव्हा टेबलावर येणाऱ्या-जाणाऱ्यांची वही उघडी होती. सहज मागचं पान उलटलं. त्या गृहस्थाची आत आल्याची वेळ होती 1:50. आम्हाला फोन आला त्याच्या अर्धा तास आधी.