सेंट ज्यूड हॉस्पिटल, मेम्फिस : देणगी द्यावी की नाही?

आमच्या इथल्या देसी ग्रुपवर दर थोड्या दिवसांनी कुणीतरी विचारतंच, "ते टीव्हीवर केस गेलेल्या पोरांची अ‍ॅड लागते ना, सेंट ज्यूडवाली, ते खरं आहे का हो? पैसे द्यावे का?" सेंट ज्यूड म्हणजे अमेरिकेतल्या मेम्फिसमधलं, मुलांच्या कॅन्सरसारख्या मोठ्या आजारांचं हॉस्पिटल. मग खाली पन्नास जण पन्नास मतं देतात, त्यातले निम्मे गावाबाहेरचे. म्हटलं एकदाच नीट लिहून टाकू आणि पुढच्या वेळी लिंक चिकटवू.

मी डॉक्टर नाही. फेडेक्सचं मुख्यालय मेम्फिसला असल्यामुळे आपली आयटीवाली जनता इथे भरपूर आहे, त्यातलाच एक. पगारातून दर महिन्याला थोडे पैसे तिकडे जातात, आणि टीममधल्या एकाच्या मुलीची ट्रीटमेंट तिथे झाली त्यामुळे डबे पोचवायच्या निमित्ताने आत बऱ्याचदा जाणं झालं. निकाल आधीच सांगतो, पैसे द्या, पण अ‍ॅडमधे दाखवतात त्या कारणासाठी नका देऊ.

आधी बिलाचं. लोकांचा विश्वास बसत नाही पण खरंय, ट्रीटमेंट, प्रवास, राहणं, खाणं यातलं कशाचंच बिल घरच्यांना येत नाही. अमेरिकेत राहणाऱ्याला हे वाक्य दोनदा वाचावं लागतं, कारण इथे साधी अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली तरी नंतर पाकीट उघडताना हात थरथरतो. इन्शुरन्स असेल तर हॉस्पिटल त्यांच्याकडून घेतं, उरलेलं मात्र आईबापाकडे मागत नाही, आणि इन्शुरन्स नसेल तरी मागत नाही. पण एक गैरसमज काढून टाका, इथे पोराला उचलून थेट नेता येत नाही. हे नेहमीचं मुलांचं हॉस्पिटल नाहीये, ताप आला पडला झडला तर मेम्फिसमधे त्यासाठी ल बोनर नावाचं मुलांचं हॉस्पिटल आहे. सेंट ज्यूडला आधी तुमच्या डॉक्टरने रेफर करावं लागतं आणि पोराचा आजार त्यांच्याकडे चालू असलेल्या एखाद्या अभ्यासात बसावा लागतो, बहुतेक वेळा असंच. नावातच रिसर्च हॉस्पिटल आहे आणि ते शोभेपुरतं नाही. ट्रीटमेंट घेणारं जवळजवळ प्रत्येक पोर कुठल्या ना कुठल्या प्रोटोकॉलवर (म्हणजे अभ्यासासाठी ठरवून दिलेल्या ट्रीटमेंटच्या आराखड्यावर) असतं, आणि त्याचा रिपोर्ट, त्याच्या रक्ताचे काऊंट, त्याला आलेली रिअ‍ॅक्शन, सगळं पुढच्या पोरासाठी लिहून ठेवलं जातं.

आतलं वातावरण. हॉस्पिटल म्हटल्यावर आपल्या डोक्यात फिनेलचा वास, बाकड्यावर झोपलेले नातेवाईक आणि "पेशंटजवळ एकच थांबा" असं ओरडणारा वॉर्डबॉय येतो. इथे पहिल्यांदा काय दिसतं तर लाल गाडे. लहान पोरं ओढत नेतात ना तसले लाल रंगाचे चारचाकी गाडे, व्हीलचेअरऐवजी. पोरगं आत उशी घेऊन पसरलेलं, बाप एका हाताने गाडा ओढतोय आणि दुसऱ्या हाताने सलाईनचा स्टँड ढकलतोय, दोन्ही एका लाईनीत ठेवायची त्याची कसरत चाललीय, आणि पोराचं लक्ष फक्त लिफ्टचं बटण आपल्याला दाबायला मिळतं की नाही यावर. माझ्या मित्राची मुलगी तर तपासणी झाल्यावर पण गाड्यातून उतरायला तयार नसायची.

दुसरं कॅन्टीन, के कॅफे नाव आहे. तिथे एकाच रांगेत सर्जन, लॅबमधले पीएचडीवाले, मास्क लावलेली पोरं, त्यांच्या आया, सफाईवाले. मला आधी वाटलं जागा नसेल म्हणून एकच कॅन्टीन ठेवलंय. पण ते मुद्दाम आहे. जो माणूस दिवसभर काचेच्या नळीत पेशी बघतो त्याच्या शेजारच्या टेबलावर त्या पेशी ज्याच्या रक्तात आहेत तो पाच वर्षांचा गडी मॅकरोनी चिवडत बसलेला असतो. रिसर्च करणाऱ्याला काम अर्धवट टाकून घरी जाऊ नये असं वाटायला एवढं पुरे आहे.

आता हे सगळं सुरू कसं झालं, कारण ती स्टोरी भारी आहे. डॅनी थॉमस नावाचा लेबनानी वंशाचा कॉमेडियन होता, स्ट्रगलचे दिवस, खिशात पैसे नाहीत, बायको गरोदर. तो डेट्रॉईटच्या एका चर्चमधे गेला आणि चक्क नवस बोलला, संत ज्यूडला, जो त्यांच्यात हाताबाहेर गेलेल्या केसेसचा संत मानतात, की मला मार्ग दाखव, मी तुझं देऊळ बांधीन. पुढे टीव्हीवर प्रचंड चालला आणि नवस फेडायची वेळ आली तेव्हा देवळाऐवजी हॉस्पिटल बांधलं. पैशासाठी 1957 साली त्याने अरबी वंशाच्या अमेरिकन लोकांना गोळा करून एएलएसएसी नावाची संस्था काढली आणि 4 फेब्रुवारी 1962 ला हॉस्पिटलचं दार उघडलं. (4 फेब्रुवारी म्हणजे आता जागतिक कॅन्सर दिन, तो निव्वळ योगायोग.) आणि साल बघा. 1962 मधलं मेम्फिस म्हणजे काळ्यांचे नळ वेगळे, बाकडी वेगळी. ह्याच गावात सहा वर्षांनी मार्टिन ल्यूथर किंगना गोळी घातली. अशा ठिकाणी हे हॉस्पिटल पहिल्या दिवसापासून सगळ्या रंगांच्या पोरांसाठी एकच वॉर्ड घेऊन उघडलं, आणि त्या इमारतीचं डिझाईन पॉल विल्यम्स या काळ्या आर्किटेक्टने फुकट करून दिलं होतं.

पण माझ्या मते खरा हिरो डॅनी थॉमस नाही, पहिला डायरेक्टर डॉनल्ड पिंकेल. तेव्हा पोरांना होणारा सगळ्यात कॉमन ब्लड कॅन्सर, एएलएल, त्यात शंभरातली चारेक पोरं वाचायची. औषधं होती हो, नव्हती असं नाही. व्हिन्क्रिस्टीन, जे आपल्या अंगणातल्या सदाफुलीपासून काढतात, प्रेडनिसोन, मेथोट्रेक्सेट, मर्कॅप्टोप्युरिन. एकेक औषध द्यायचे, पोरगं महिनाभर टवटवीत व्हायचं, मग आजार परत यायचा आणि दुसरं औषध. त्या काळी बऱ्याच मोठ्या डॉक्टरांचं मत होतं की उगाच छळू नका पोरांना, सुखाने जाऊ द्या. पिंकेल म्हणाला सगळी एकदम वापरू आणि बरं करायच्याच इराद्याने वापरू. त्यातली खरी गोम अशी होती की रक्तातून गेलेला कॅन्सर मेंदूभोवतीच्या पाण्यात लपून बसायचा, तिथपर्यंत गोळ्या-सलाईन पोचतच नाही, आणि तिथून तो परत यायचा. म्हणून त्यांनी डोक्याला रेडिएशन आणि पाठीतून मणक्यात इंजेक्शन, आणि वरून दोन-तीन वर्षं गोळ्या चालू, असा कार्यक्रम आखला. टोटल थेरपी म्हणतात त्याला. पहिले काही प्रयोग फसले. 1967 ला सुरू झालेल्या पाचव्या अभ्यासात जवळजवळ निम्मी पोरं बरी झाली, कायमची. तोपर्यंत हा आजार बरा होतो असं बोलायची कुणाची हिंमत नव्हती.

बरं, तिथेच थांबले असते तरी चाललं असतं. पण डोक्याच्या रेडिएशनमुळे पोरांची वाढ खुंटायची, अभ्यासात मागे पडायची, काहींना पुढे मेंदूत गाठी व्हायच्या. वाचवलं तर खरं पण कुठल्या किमतीला. मग इथल्याच डॉ. चिंग-हॉन पुई आणि मंडळींनी उलटा प्रश्न विचारला, की रेडिएशन पूर्ण काढून टाकलं तर? औषधं नीट बेतून, प्रत्येक पोराच्या अंगात नेमका किती कॅन्सर उरलाय ते मोजून मोजून दिली, आणि 2009 मधे जो रिझल्ट छापला त्यात रेडिएशन न देता पाच वर्षांनंतर नव्वद टक्क्यांहून जास्त पोरं जिवंत होती. आपल्याच हॉस्पिटलचा गाजलेला शोध आपणच मोडीत काढायचा, याला मोठं मन लागतं. मित्राच्या मुलीला डोक्याचं रेडिएशन लागलं नाही ते ह्याच्यामुळेच. हे समजल्यावर मी मंथली अमाऊंट वाढवली, लाल गाड्यांमुळे नाही.

बाकी यादी मोठी आहे, पटकन सांगतो. शास्त्रज्ञ पीटर डोहर्टी इथे असतानाच त्यांना 1996 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. 2010 ला वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीबरोबर पोरांच्या कॅन्सरचे जीनोम (म्हणजे त्या पेशींमधला सगळा डीएनए) वाचायचा प्रोजेक्ट काढला. फक्त मुलांसाठीचं प्रोटॉन रेडिएशन सेंटर 2015 पासून चालू आहे. आणि जी मुलं बरी होऊन मोठी झाली, नोकरीला लागली, त्यांना वर्षानुवर्षं परत बोलवून हार्ट, हार्मोन, किडनी सगळं तपासतात, जुन्या केमोने नंतर काय त्रास दिला ते शोधायला. हे काम अ‍ॅडमधे कधी दिसणार नाही कारण चाळिशीतला टक्कल पडलेला माणूस बीपी मोजून घेतोय यात रडण्यासारखं काही नाही.

मी विदर्भातला, त्यामुळे एक गोष्ट खास सांगायची आहे. सिकलसेल, म्हणजे रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात तो आईबापाकडून येणारा आजार. आमच्याकडे गडचिरोली, चंद्रपूर आणि तिकडे नंदुरबारकडे घराघरात हा आजार माहीत असतो, सांधे दुखून पोरं रात्ररात्र रडतात. सेंट ज्यूड पहिल्यापासून यावर काम करतंय, कारण मेम्फिसमधल्या काळ्या वस्तीत तोच आजार. हायड्रॉक्सीयुरियाची गोळी, जी आपल्याकडेही डॉक्टर देतात, ती अगदी तान्ह्या मुलांना दिली तर चालते का आणि दुखणं कमी होतं का, हे 2011 मधे दाखवून देणाऱ्या अभ्यासात इथले डॉक्टर पुढे होते. म्हणजे इथे दिलेला डॉलर आपल्याच गावात कधी पोचेल सांगता येत नाही.

आता कडू भाग. नुसतं कौतुक वाचायचं असेल तर त्यांची वेबसाईट आहेच. 2021 मधे प्रोपब्लिका या शोधपत्रकारिता करणाऱ्या अमेरिकन संस्थेने मोठी बातमी केली होती की हॉस्पिटलकडे 520 कोटी डॉलरची गंगाजळी पडून आहे आणि तरी बरीच कुटुंबं बचत संपवतायत. कारण बिल नाही याचा अर्थ खर्च नाही असा होत नाही ना. एक जण नोकरी सोडून पोराजवळ बसतो, घरचा हप्ता चालूच राहतो, दुसरं भावंड नातेवाईकांकडे. मित्राने बिनपगारी रजा काढली होती तेव्हा हे जवळून पाहिलंय, त्याच्या ऑफिसने काय दिवे लावले ते जाऊदे. बातमीनंतर कुटुंबांना द्यायची मदत वाढवली गेली हे चांगलं झालं. गंगाजळीबद्दल हॉस्पिटलवाले म्हणतात मंदी आली तर अर्धवट ट्रीटमेंट सोडून द्यायची का, आणि त्यात तथ्य आहे, कारण एकेका पोराची ट्रीटमेंट दोन-तीन वर्षं चालते आणि हॉस्पिटल मुख्यतः देणगीवर उभं आहे. पण एवढा मोठा ढीग असताना अ‍ॅडमधला सूर असा लावायचा की तुम्ही आत्ता फोन केला नाही तर उद्या हे पोरगं उपाशी, ते मला पटत नाही. म्हणून एक स्टार कापतोय. पाचापैकी चार.

आणि भारताबद्दल, कारण हा प्रश्न पण नेहमी येतो. मुंबईत परळला टाटा हॉस्पिटलच्या जवळ सेंट ज्यूड नावाची चाइल्डकेअर सेंटर्स आहेत, 2006 पासून, ती याची शाखा नाहीत, स्वतंत्र संस्था आहे. तिथे ट्रीटमेंट होत नाही, बिहार, बंगाल, मराठवाड्यातून पोराला घेऊन आलेल्या आईबापाला राहायला स्वच्छ जागा मिळते, फुकट. आणि हे साधं काम नाही. फूटपाथवर राहून केमो घेणाऱ्या पोराला इन्फेक्शन होतं, नाहीतर कंटाळून घरचे अर्ध्यातून गावी निघून जातात, मग जगातलं सगळ्यात भारी प्रोटोकॉल असून उपयोग काय. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा आहे, दरवर्षी सुमारे 4 लाख मुलांना कॅन्सर होतो, श्रीमंत देशात ऐंशी टक्क्यांवर वाचतात, गरीब देशात तीसच्याही खाली. मेम्फिसवाल्यांना पण हे कळतं, 2018 पासून ते आरोग्य संघटनेबरोबर यावर काम करतायत, आणि 2025 मधे मंगोलिया आणि उझबेकिस्तानला कॅन्सरची औषधं मोफत पाठवायला सुरुवात झाली.

तर माझा हिशोब असा. अमेरिकेत कमवत असाल तर इकडे द्या, पण आधी एचआरला विचारा कंपनी मॅच करते का, म्हणजे तुमच्या देणगीत स्वतःचेही पैसे घालते का, बऱ्याच कंपन्या करतात आणि आपले लोक फॉर्म भरायचा कंटाळा करतात. भारतात असाल आणि हजार-दोन हजारच द्यायचे असतील तर डॉलर करून इकडे पाठवू नका, परळमधे त्याचं जास्त काम होईल. कुणाच्या घरात खरंच अशी वेळ आली असेल तर फेसबुकवर विचारत बसू नका, आधी आपल्या भागातल्या मुलांच्या कॅन्सरच्या डॉक्टरला गाठा, कारण एएलएलची मूळ ट्रीटमेंट आता टाटासारख्या ठिकाणीही चांगली होते आणि त्यासाठी विमानात बसायची गरज नाही. आणि मेम्फिसमधे असाल तर डिसेंबरमधे त्यांची मॅरेथॉन असते, रूट हॉस्पिटलच्या आवारातून जातो, पळायला जमत नसेल तर 5के (पाच किलोमीटरची) आहे, चालत केली तरी कुणी काही म्हणत नाही. थंडी असते, कानटोपी घेऊन या.