हॉटेलातला ‘फुकट’ नाश्ता: स्टेटस मिळून बरेच महिने झाल्यावर

कंपनीत नवीन पोरं लागली की महिनाभरात एक जण तरी विचारतोच, “ताई, ती हॉटेलची मेंबरशिप घेतली की रोज नाश्ता फुकट ना?” मिळतो. पण मेंबरशिप घेतल्याने मिळत नाही, वरच्या पायरीवर पोचल्याने मिळतो (त्या पायरीलाच ‘स्टेटस’ म्हणतात, आणि ती वर्षात त्यांच्याकडे किती रात्री राहिलात यावर ठरते), आणि तिथे पोचल्यावरही तो कोणाच्या खिशातला पैसा वाचवतो हे तुमच्या कंपनीच्या टीए-डीएच्या, म्हणजे प्रवास आणि दैनिक भत्त्याच्या, नियमावर ठरतं. हे शेवटचं मला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहिते.

मी धुळ्याची, कापूस बियाण्याच्या धंद्यात. खरीप तोंडावर आला की पुणे, हैदराबाद, इंदूर, अहमदाबाद अशी पायपीट सुरू होते, आणि डीलर मीटिंग असेल तर मुक्काम त्याच हॉटेलात. आमच्या भागातून निघालं की मॅरियट, हिल्टनसारख्या मोठ्या हॉटेल-साखळ्यांचं जवळचं हॉटेल नाशिकचं, त्यामुळे धुळ्या-जळगावच्या माणसाला ‘विकेंडला सहज जाऊन राहू’ हा प्रकार नाही. रात्री साठतात त्या कामाच्याच. दोन साखळ्यांचे वरचे स्तर सध्या माझ्याकडे आहेत. कोणता अनुभव कोणत्या साखळीतला ते लिहीत नाही, कारण खालचे बरे-वाईट अनुभव त्या त्या हॉटेलचे आहेत. एकाच साखळीतल्या दोन हॉटेलांत जमीन-अस्मानाचा फरक मी पाहिलाय.

आधी नियम, कारण अर्धा गोंधळ इथेच होतो. मॅरियट बॉनवॉयमध्ये, म्हणजे मॅरियटच्या मेंबरशिपमध्ये, वर्षाला 10 रात्री झाल्या की सिल्व्हर, 25 झाल्या की गोल्ड, 50 झाल्या की प्लॅटिनम. नाश्ता प्लॅटिनमपासून. गोल्डवाल्याला थोडे जास्त पॉइंट, जमल्यास बरी खोली आणि दोन वाजेपर्यंत खोली ठेवायची सवलत, बस. हिल्टनच्या मेंबरशिपमध्ये, हिल्टन ऑनर्समध्ये, मात्र गोल्डलाच नाश्ता आहे, आणि तो गोल्ड 2026 पासून 40 ऐवजी 25 रात्रींत मिळतो. अमेरिकेतल्या हिल्टन हॉटेलांत 2021 पासून नाश्त्याऐवजी खाण्यापिण्यासाठी ठरावीक रक्कम बिलात वळती करतात. भारतात अजून नाश्ताच देतात, सभासद आणि त्याच खोलीतला आणखी एक जण. हयात साखळीचा वरचा स्तर, ग्लोबलिस्ट, सगळ्यांत उदार: क्लब लाउंज (वरच्या स्तरांसाठीची बसायची-खायची वेगळी जागा) नसेल तर दोन मोठी माणसं आणि दोन मुलं यांना पूर्ण नाश्ता. पण त्याला 60 रात्री लागतात. आयएचजी या साखळीचा डायमंड 70 रात्रींचा, आणि तिथे नाश्ता हा स्वागताच्या भेटीतला एक पर्याय. घ्यायचा तर पॉइंट सोडायचे.

बँकेच्या कार्डांचंही सांगून टाकते, कारण जळगावच्या एका सराफ मित्राने याच आशेने कार्ड काढलं होतं. एचडीएफसीचं मॅरियट कार्ड (2023 मध्ये आलं, वार्षिक फी 3000 आणि वर जीएसटी) सिल्व्हर देतं आणि 10 रात्री खात्यात टाकतं. प्लॅटिनमला लागणाऱ्या 50 मधल्या 10 आयत्या मिळाल्या, हा फायदा खरा. पण नुसत्या त्या कार्डावर नाश्त्याच्या टेबलाशी कोणी ओळखणार नाही. अमेरिकन एक्स्प्रेसचं प्लॅटिनम कार्ड हिल्टनचं गोल्ड देतं, म्हणजे नाश्ता देतं. पण त्याची वार्षिक फी ऐकून माझ्या मित्राने चहा खाली ठेवला.

आणखी एक. हॉटेल जितकं भारी तितका नाश्ता पक्का, असं समजू नका. रिट्झ-कार्लटन मॅरियटच्याच घरातलं, पुण्यात येरवड्याला आहे, पण तिथे प्लॅटिनमला फुकट नाश्ता नाही. त्याच शहरातल्या जेडब्ल्यू मॅरियटमध्ये आहे. बुकिंग करताना ब्रँड बघायचा, तारे मोजायचे नाहीत.

आता पैशाचं. मी राहिले त्या पंचतारांकित हॉटेलांत बुफे नाश्त्याचा मेन्यूवरचा दर साधारण हजार ते दीड हजार, वर 18 टक्के जीएसटी. दोघांचे तीन हजार झाले की माणूस म्हणतो, वा, तीन हजार वाचले! मी असा हिशोब करत नाही. हॉटेलच्या वेबसाइटवर एकाच तारखेला ‘फक्त खोली’ आणि ‘खोली अधिक नाश्ता’ असे दोन दर शेजारी शेजारी असतात. त्यांच्यातला फरक बहुतेक वेळा एका माणसाला पाच-सातशे रुपयांचा असतो, कधी त्याहून कमी. स्टेटसच्या नाश्त्याची खरी किंमत तेवढीच. मेन्यूवरचा आकडा कोणी देत नाही. चुकून नाश्त्याशिवायचा दर घेऊन आलेला पाहुणा सोडला तर.

त्यातही भारतात कॉर्पोरेट दरात नाश्ता बहुधा धरलेलाच असतो. आमच्या कंपनीचा ज्या हॉटेलांशी करार आहे तिथे एका माणसाचा नाश्ता दरातच आहे. तिथे मी प्लॅटिनम असले काय, नसले काय, इडली तीच. फरक पडतो तो खोलीत दुसरं माणूस असेल तर, किंवा करार नसलेल्या शहरात मी स्वतः फक्त खोलीचा दर घेतला तर. मी आता नवीन शहरात मुद्दाम तसा दर घेते.

इथे टीए-डीए येतं. कंपनी जेवणाची बिलं जशीच्या तशी मंजूर करत असेल, तर फुकट नाश्त्याने कंपनीचे पैसे वाचतात. तुमच्या पदरात एक शाबासकी, तीही पडली तर. कंपनी ठरावीक दैनिक भत्ता देत असेल आणि बिल मागत नसेल, तर नाश्त्याचे पैसे तुमचे. माझा भत्ता ठरावीक आहे. सकाळी पोटभर खाल्लं की दुपारी डीलरकडे चहा-बिस्किटावर भागतं आणि भत्त्यातला बराच भाग उरतो. खरी कमाई म्हणतात ती ही. माझ्या नवऱ्याच्या कंपनीत बिलं लागतात. त्याच्याकडेही एक स्टेटस आहे, आणि त्याला त्याचं काडीचं कौतुक नाही.

बुकिंग कुठून केलं हेही महत्त्वाचं. मेक माय ट्रिप, बुकिंग डॉट कॉम अशा ठिकाणाहून केलं तर साधारणपणे रात्रीही मोजत नाहीत आणि सवलतींवर हक्कही राहत नाही. हॉटेलच्या स्वतःच्या वेबसाइटवरून, ॲपवरून किंवा कंपनीच्या करारातल्या दराने केलं तर चालतं. आमचा ट्रॅव्हल डेस्क दोनशे रुपये स्वस्त दिसलं की तिसरीकडून खोली घ्यायचा. मेल पाठवून पाठवून ते थांबवलं. तरी कधी तसं बुकिंग आलंच, तर मी रिसेप्शनवर भांडत नाही. काही हॉटेलं आपणहून नाश्ता देतात, पण ती त्यांची मर्जी.

मर्जी हा शब्द या सगळ्यात फार येतो, त्याला कारण आहे. या साखळ्यांची बरीचशी हॉटेलं साखळीच्या मालकीची नसतात. जागा आणि इमारत कोणा बिल्डरची किंवा उद्योगसमूहाची; साखळी नाव देते, चालवते, फी घेते. तुमच्या पुढ्यातल्या डोशाचा खर्च मात्र त्या हॉटेलच्या वहीत लागतो. कार्यक्रम गाजतो साखळीचा, खर्च दिसतो हॉटेलच्या मॅनेजरला. त्यामुळे एखादा मॅनेजर लाउंज ‘दुरुस्तीसाठी बंद’ असताना रेस्टॉरंटमध्ये हसतमुखाने बसवतो, आणि दुसरा नियमाचं बोट धरून चालतो.

अशाच एका बोट धरणाऱ्याशी माझी गाठ पडली. शहर आणि हॉटेल दोन्ही सोडून देते. मायला डोळ्यांच्या डॉक्टरकडे दाखवायला नेलं होतं, सोबत माझा आठ वर्षांचा मुलगा. नियम सभासद अधिक एक. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, “मॅडम, मुलाचं काही नाही, लहान आहे.” दोन दिवस आम्ही तिघांनी नाश्ता केला. निघताना बिलात मुलाचे दोन दिवसांचे अर्ध्या दराचे पैसे, कर धरून. मी त्या मुलीचं नाव सांगितलं, तर ती सुट्टीवर. अर्धा तास उभी राहिल्यावर एका दिवसाचे काढले, दुसऱ्या दिवसाचे ठेवले. यामागे कोणतं गणित होतं ते मला अजून कळलेलं नाही. माय बाजूला सोफ्यावर बसून शांतपणे म्हणाली, “फुकट सांगं ना तू, मंग हाई काय से?” (फुकट म्हणालीस ना, मग हे काय आहे?)

तेव्हापासून सोबत मूल असेल तर मी आधीच ॲपच्या चॅटवर विचारते: इतक्या वर्षांचं मूल आहे, नाश्त्याचे पैसे लागतील का? उत्तर लेखी येतं. बऱ्याच हॉटेलांत पाच-सहा वर्षांखालचं मूल फुकट आणि बारापर्यंत अर्धा दर, पण प्रत्येकाची रेघ वेगळी. बिलात काही आलंच तर चॅट दाखवायचा, विषय संपतो.

खाण्याबद्दल लिहिलं नाही तर हे अनुभवकथन कसलं! डोसा-ऑम्लेट समोर करून देतात ते नेहमी बरं असतं, आणि तव्यासमोरचा माणूस दुसऱ्या दिवशी ओळखतो. झाकणाखालच्या गोष्टींत उपमा आणि सांबार धरा, पोहे सोडा. पोहे झाकून ठेवायचा पदार्थच नाही. वाफेने त्यांचा लगदा होतो. महाराष्ट्रातल्या हॉटेलांत हल्ली मिसळ ठेवतात. तिची तर्री इतकी सभ्य असते की खानदेशी माणसाने आपली हिरवी मिरची मागून घ्यावी. आतून आणून देतात, मागायला लाजू नका. मायने पहिल्या सकाळी सगळी रांग फिरून पाहिली आणि म्हणाली, “इतलं समदं से, पन भाकर नही.” मी सहज शेफला विचारलं. दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी ज्वारीची भाकरी आणि लसणाचा ठेचा टेबलावर! मुलाच्या नाश्त्याचे पैसे लावलेलं हॉटेल हेच. म्हणजे शेफ एका मनाचा आणि बिलिंग दुसऱ्या मनाचं.

फळांच्या टेबलावरचं केळं मात्र मी कुठेच खात नाही. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात निम्मं सासर असलेल्या बाईकडून ती अपेक्षाही करू नये.

लाउंज की रेस्टॉरंट, हा प्रश्न येतो. लाउंजमधला नाश्ता शांत असतो, पदार्थ निम्मे. लॅपटॉप उघडून मेल उडवायच्या असतील तर लाउंज. पोट भरायचं असेल तर खाली जा. दोन्हीकडे चालेल का हे विचारलं तर बहुतेक जण हो म्हणतात. काही ब्रँडमध्ये चेक-इनला ‘नाश्ता हवा की पॉइंट’ असं विचारतात. हजार पॉइंट माझ्या हिशोबात पाच-सहाशे रुपयांच्या वर जात नाहीत, त्यामुळे दोघं असलो तर नाश्ता आणि एकटी असून पहाटे निघायचं असेल तर पॉइंट.

पहाटे निघणं हीच आमच्या कामातली मोठी अडचण. रेस्टॉरंट साडेसहा-सातला उघडतं आणि हंगामात मी सहाला गाडीत असते. आदल्या रात्री दहाच्या आत सांगितलं तर डबा बांधून देतात: सँडविच, मफिन, ज्यूस, एक सफरचंद. काही ठिकाणी तो सवलतीत धरतात, काही ठिकाणी ‘बुफेच फुकट, डबा नाही’. माझ्या हक्काच्या नाश्त्यांपैकी पुष्कळ असेच बुडाले. खरं सांगायचं तर मला नाश्त्यापेक्षा चार वाजेपर्यंत खोली ठेवायची प्लॅटिनमची सवलत जास्त कामी येते. पुण्याहून धुळ्याची ट्रॅव्हल्स रात्रीची असते. दुपारी अंघोळ करून, तासभर पडून निघता येतं. रिसॉर्ट आणि अधिवेशनांची हॉटेलं असतील तर ती सवलत जागा असेल तरच, एवढं लक्षात ठेवा.

आता कोणी घ्यावं? मेंबरशिप फुकट आहे, ती सगळ्यांनीच घ्यावी. स्टेटसच्या मागे लागायचं ते कंपनी तुम्हाला वर्षाला तीस-पन्नास रात्री बाहेर झोपवणारच असेल तर. रात्री एकाच साखळीत घाला. तीन ठिकाणी वाटल्या तर तिन्हीकडे तुम्ही सिल्व्हर. रात्री कमी असतील तर सध्या हिल्टनचा गोल्ड सगळ्यांत लवकर नाश्त्यापर्यंत नेतो, फक्त तुमच्या फिरण्याच्या शहरात त्यांचं हॉटेल आहे का ते आधी बघा. माझ्या इंदूर-अहमदाबादच्या फेऱ्यांत सोय मॅरियटची जास्त.

डिसेंबरात दोन-तीन रात्री कमी पडल्या की काही जण स्वतःच्या पैशाने खोली घेऊन आकडा पुरा करतात. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दरवर्षी याची चर्चा रंगते. माझा हिशोब असा: नाशिकला सात हजारांची खोली धरली तर 5 टक्के जीएसटी मिळून तीन रात्रींचे बावीस हजारांच्या वर, शिवाय गाडीचं डिझेल. पाचशे रुपयांच्या नाश्त्याने ते वसूल करायला चव्वेचाळीस नाश्ते लागतील, आणि त्यातले निम्मे मी सहाला निघून बुडवणार. मॅरियटचं एका वर्षी मिळवलेलं स्टेटस पुढचं पूर्ण वर्ष आणि वर फेब्रुवारीअखेरपर्यंत टिकतं, हे धरूनही आकडा जुळत नाही. यंदा कमी पडल्या तर पडू देणार आहे.