युनिव्हर्सल अडॉप्टर: एक स्टार दिला होता, आता तीन देतोय

जूनमध्ये रागाच्या भरात दिलेला एक स्टार आज बदलतोय. साडेसहाशेचा तोच चौकोनी ठोकळा, सगळ्या देशांच्या पिना सरकवून बाहेर काढायचा. चार महिने न्यू जर्सीत मुलाकडे वापरला, बाकी इथे ठाण्यात.

झालं असं, हिच्या गुडघ्यांसाठी येताना तिथून शेकायचा इलेक्ट्रिक पट्टा आणला. त्याची पिन आपल्या सॉकेटात जाईना, म्हणून हा ठोकळा लावला. पाच मिनिटांत जळका वास, मग धूर. हिने पट्टा चादरीसकट बाल्कनीत फेकला आणि मी रिव्ह्यू लिहायला बसलो.

सोसायटीच्या वायरमनने दुसऱ्या दिवशी पट्ट्याचं लेबल दाखवलं: १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ, बास. "काका, हा फक्त पिना बदलतो, व्होल्टेज नाही." आपल्याकडे २३०. व्होल्टेज जवळपास दुप्पट झालं की तापणं जवळपास चौपट. पट्टा बिचारा काय करणार? मोबाईलच्या चार्जरवर १००-२४० लिहिलेलं असतं, म्हणून तो जपानच्या १०० व्होल्टवरही चालतो आणि आपल्याकडेही. पण ते पांढऱ्यावर फिक्या राखाडीत छापतात. मला फोटो काढून, मोठा करून वाचावं लागलं. हिने पुन्हा रबरी पिशवी काढली.

तो गुन्हा माफ. पण सॉकेटातून गळून पडण्याचा नाही! मुलाच्या घरातली सॉकेटं जुनी, त्यात अमेरिकन पिना म्हणजे दोन चपट्या पात्या. आपल्या गोल पिना कशा गच्च बसतात, तसं काही नाही. ठोकळा आणि त्यावर चार्जर, की मान टाकलीच. रात्री फोन लावून झोपायचं, सकाळी १८ टक्के. शेवटी खाली पोह्यांचा डबा ठेवून टेकू दिला. पाहुणे येणार म्हणून सूनबाईंनी डबा उचलला की चार्जिंग बंद. चार महिने मी त्या डब्यावर पहारा केला.

निघायच्या आठवड्यात कळलं की लॅपटॉपच्या चार्जरची भिंतीकडची वायर सुटी निघते. मुलाच्या ड्रॉवरमध्ये अमेरिकन पिनेची तशीच वायर पडून होती. लावली, चालू. ठोकळ्याला अर्थिंग नव्हतं, या वायरीला त्यासाठी तिसरी पिन आहे. लॅपटॉपच्या पत्र्यावर मनगट टेकलं की व्हायची ती झिणझिण गेली. फोनही मग लॅपटॉपवरच चार्ज केला.

हे आधी कुणी सांगितलं असतं तर साडेसहाशे वाचले असते. दोन स्टार त्याचे कापलेत.