दहा पॅरामीटरवाली युरिन स्ट्रिप : लॅबवाल्याचा रिव्ह्यू, आणि ब्लडच्या चौकोनाबद्दल थोडं जास्त

म्हापशातल्या छोट्या लॅबमध्ये काम करतो, रोज ह्याच पट्ट्या वापरतो. शंभरची बाटली येते, साखर-प्रोटीनचे रंग चार्टशी बरोबर जुळतात, तक्रार नाही. पावसाळ्यात मात्र पट्टी काढली की झाकण लगेच घट्ट लावा, आपल्या गोव्याच्या दमट हवेत पट्ट्या पटकन बिघडतात.

मला बोलायचंय ते ब्लडच्या चौकोनाबद्दल. तो हीम, म्हणजे लोह असलेला लाल रंगाचा भाग, पकडतो, मग ते रक्तातल्या हिमोग्लोबिनचं असो नाहीतर स्नायूंतल्या मायोग्लोबिनचं, त्याला दोन्ही सारखंच. म्हणून लघवी कोऱ्या चहासारखी, चौकोन गडद हिरवा आणि मायक्रोस्कोपखाली लाल पेशी जवळपास नाहीतच असं दिसलं की मी सरळ डॉक्टरांना फोन लावतो, रॅब्डो (स्नायू फुटून त्यातलं मायोग्लोबिन रक्तात उतरणं, ज्याने किडनी बिघडते) असू शकतं, सीके (स्नायूंतल्या एन्झाइमची रक्ततपासणी) करून घ्या. पार्टी सीझनमध्ये तर हे डोक्यात ठेवायलाच हवं. एमडीएमए, मेथ, कोकेन घेऊन उकाड्यात रात्रभर नाचणाऱ्याचं अंग इतकं तापतं की स्नायू फुटायला लागतात, आणि हेरॉइनवाला बेशुद्ध होऊन तासन्‌तास एकाच कुशीवर पडला तर अंगाखाली दबलेला हात-पाय आतून मरतो, शेवट दोघांचाही किडनीवर. दुसऱ्या महायुद्धात लंडनमध्ये ढिगाऱ्याखाली सापडलेल्या माणसांच्या किडन्या अशाच गेल्या, बायवॉटर्स आणि बील या डॉक्टरांनी १९४१ मध्ये ते लिहून ठेवलंय.

माणूस गेल्यावर मात्र ह्या पट्टीवर विसंबू नका. मेल्यावर पेशी आपोआप फुटतात, रक्तातला सीकेही वाढतो, त्यावरून काही ठरत नाही. तिथे किडनीचा तुकडा घेऊन मायोग्लोबिनचा इम्युनो स्टेन करतात, म्हणजे अँटिबॉडी वापरून फक्त मायोग्लोबिनला रंग देतात. नलिकांत मायोग्लोबिन अडकलेलं दिसलं तर स्नायू फुटले तेव्हा हृदय चालू होतं, किडनी गाळत होती, म्हणजे तो जागच्या जागी गेला नव्हता. सोबतच्यांनी १०८ ला फोन करायला वेळ होता का, हा प्रश्न तिथून सुरू होतो. नुसतं ओव्हरडोस लिहून फाईल बंद करणं मला अजिबात पटत नाही, घरच्यांना हे कळायचा हक्क आहे.

पट्टीला पाचपैकी चार. एक कापला कारण व्हिटॅमिन सी जास्त घेतलेल्याचं ब्लड खोटं निगेटिव्ह येऊ शकतं आणि ते बाटलीसोबतच्या कागदावर अगदी बारीक अक्षरात छापलंय. शिवाय मायोग्लोबिन लघवीतून लवकर निघून जातं, तेव्हा संशय असेल तर पट्टी निगेटिव्ह आली तरी सीके कराच.