राइस्टाफल, नासी रामेस की ‘चिनी’ नासी?

नेदरलँड्समध्ये इंडोनेशियन जेवायचं ठरवलंत की समोर तीन पर्याय येतात, आणि तिघांच्याही मध्यभागी भातच असतो. फरक थाटाचा आहे, पैशांचा आहे आणि डच हात किती लागलाय याचाही.

सगळ्यात गाजलेलं राइस्टाफल. टेबलावर खाली मेणबत्त्या लावलेल्या छोट्या शेगड्या मांडतात आणि भाताभोवती बारा-पंधरा, कधी त्याहून जास्त वाट्या येतात. हा थाट इंडोनेशियन घरातला नव्हे, तिथल्या डच मळेवाल्यांचा आणि अधिकाऱ्यांचा. सुमात्रातल्या पादांगच्या खानावळींत सगळे पदार्थ बश्यांतून समोर मांडतात आणि खाल तेवढ्याचेच पैसे घेतात. राइस्टाफलचं मूळ त्यात असल्याचं मानलं जातं. डचांनी त्यात जावाचं, बालीचं, जे आवडलं ते सगळं एका टेबलावर आणून बसवलं. बटाव्हियाच्या, म्हणजे आजच्या जाकार्ताच्या, ‘देझ आंद’ हॉटेलात तर वाढपी रांगेने एकेक पदार्थ घेऊन येत. १९४९ मध्ये डचांनी इंडोनेशियाचं स्वातंत्र्य मान्य केलं. त्या सुमारास आणि नंतरही मिश्र वंशाची ‘इंडो’ कुटुंबं मोठ्या संख्येने नेदरलँड्सला आली आणि त्यांच्यासोबत हे जेवणही इकडे रुळलं.

चौघं असाल तर बेशक घ्या. दोघांना ठीक. एकट्याला बहुतेक ठिकाणी देतच नाहीत. माझी तक्रार एवढीच की आठव्या वाटीनंतर जीभ गोंधळते: गोड केचाप, म्हणजे तिकडचा घट्ट सोया सॉस, घातलेले तीन-चार तपकिरी रस्से एकसारखेच लागायला लागतात. त्यातल्या ‘पेर्केडेल’कडे मात्र लक्ष असू द्या. खिम्याची डच फ्रिकाडेल जावात जाऊन बटाट्याची झाली ती ही.

नासी रामेस म्हणजे त्याच पदार्थांतले चार-पाच एकाच ताटात. ते खावं ‘टोको’त, म्हणजे इंडोनेशियन किराणा आणि तयार जेवण एकत्र मिळणाऱ्या दुकानात. द हेगमध्ये अशी बरीच आहेत. काचेमागच्या परातींकडे बोट दाखवायचं: नारळाचं दूध आटून काळपट, कोरडं झालेलं रेंदांग, तिखट परतलेल्या शेंगा, बालाडोतलं, म्हणजे लाल मिरचीच्या वाटणातलं, अर्धं अंडं. वरून सेरुंदेंग भुरभुरवतात, भाजलेलं खोबरं आणि शेंगदाणे. आपल्या कोरड्या चटणीची बहीणच. राइस्टाफलच्या निम्म्याहून कमी पैशांत पोट भरतं आणि प्रत्येक चव वेगळी कळते. मी स्वतः नेहमी हेच घेईन.

तिसरी ‘चिनी’ नासी, चिनी-इंडिश, म्हणजे चिनी आणि डच वसाहतीतलं जेवण एकत्र देणाऱ्या, रेस्टॉरंटातली. दुसऱ्या महायुद्धानंतर वसाहतीतून परतलेल्यांना तिकडच्या जेवणाची सवय होती, म्हणून डच गावांतल्या चिनी मालकांनी नासी गोरेंग (परतलेला भात) आणि बामी (नूडल्स) कार्डावर घेतलं. भाताचा डोंगर, हॅमचे तुकडे, वर तळलेलं अंडं. तिखट जवळपास नाहीच. सांबाल, म्हणजे मिरचीचा ठेचा, वेगळा मागा. स्वस्त आणि भरपूर, पण ही चव इंडोनेशियाची समजू नका. डच वळण शेवटपर्यंत बघायचंच असेल तर स्नॅकबारमधली ‘नासीस्खैफ’ खा: नासी गोरेंगची चकती, ब्रेडक्रम्ब्जमध्ये घोळवून तळलेली. रात्री उशिरा, भूक असताना, बरी लागते.

आता शाकाहारींसाठी. गाडो-गाडो (शेंगदाण्याच्या सॉसमधल्या भाज्या), टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) आणि नारळाच्या दुधातली भाजी सायुर लोदेह तिन्हींकडे सापडू शकते, पण सांबालात आणि भाजीतही ‘त्रासी’ म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा गोळा असतो, आणि क्रुपुक, म्हणजे तळलेला कुरकुरीत पापड, बहुतेक कोळंबीचाच. रेंदांग सहसा गोमांसाचं, ‘बाबी’ लिहिलं असेल तर डुकराचं मांस. राइस्टाफलचं शाकाहारी रूप मिळतं, तरी त्रासी आहे का हे ऑर्डर देतानाच विचारा. टोकोत हे सोपं जातं. काउंटरमागच्या बाईंनी बहुतेक स्वतःच शिजवलेलं असतं आणि कशात काय आहे हे त्यांना तोंडपाठ असतं.