होबोनिची तेचो : पातळ कागदाची, फुगत जाणारी डायरी

होबोनिची तेचो घेणारे बहुतेक जण कव्हरला भुलतात, पण पैसे वसूल होतात ते कागदात. जपानी जाहिरातलेखक शिगेसातो इतोई यांच्या संकेतस्थळाने २००२ सालासाठी या डायरीची पहिली आवृत्ती काढली. ए६ आकार, एका दिवसाला एक पान, ३.७ मिमीच्या चौकटी आणि दोऱ्याची शिवण. त्यामुळे वही टेबलावर सपाट उघडी राहते, हाताने दाबून धरावी लागत नाही. कागद तोमोए रिव्हर, चौरस मीटरला अवघा ५२ ग्रॅम. झेरॉक्सचा साधा कागद ७० ते ८० ग्रॅमचा असतो, यावरून कल्पना यावी. २०२४ च्या आवृत्तीपासून याच कागदाचा ‘एस’ प्रकार वापरतात.

एवढा पातळ असूनही फाउंटन पेनची शाई सहसा मागे फुटत नाही. सावली मात्र पलीकडून दिसतेच, ती ज्यांना खपत नाही त्यांनी या वाटेला जाऊ नये. शाई वाळायला वीस-तीस सेकंद लागतात, पावसाळ्यात त्याहून जास्त. टीपकागदाचा एक तुकडा चालू पानात कायम ठेवावा.

मराठीत लिहिणाऱ्यांची अडचण वेगळीच. ३.७ मिमीच्या चौकटीत रोमन अक्षर आरामात बसतं. आपल्याला वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, शिवाय जोडाक्षरं. ‘पूर्ती’ लिहून बघा, वरच्या ओळीतल्या उकाराला रफार टेकतो. म्हणून एका ओळीला दोन चौकटी द्यायच्या आणि शिरोरेषा मधल्या रेघेवर धरायची. पानावर पंधरा-सोळा ओळी बसतात, तेवढ्या दिवसाला पुरतात. पेनाचं टोक ०.३८ किंवा ०.५ मिमीचं असावं.

नियोजन महिन्याच्या पानांवर करायचं आणि दिवसाचं पान रात्रीसाठी मोकळं ठेवायचं. सकाळीच स्टिकर लावून पान सजवलं की दिवस त्या सजावटीत कोंबावा लागतो. वीजबिल, हप्ता, डॉक्टरची वेळ हे सगळं महिन्याच्या चौकोनात जातं. दुधाचा हिशेब कालनिर्णयच्या चौकोनात लिहिणाऱ्या घरांना हे शिकवायला नको. भिंतीवरच्या कॅलेंडरला मात्र सुट्टी देता येत नाही, कारण जपानी आवृत्तीत सुट्ट्या जपानच्या आणि अमावास्या-पौर्णिमेच्या खुणाही जपानच्या वेळेच्या. आपल्या पंचांगाशी कधी एका दिवसाचा फरक पडतो. चतुर्थी-एकादशी स्वतःच भरून घ्यायच्या.

सजावटीत सगळ्यात कामाची वस्तू वाशी टेप, म्हणजे रंगीत जपानी कागदी चिकटपट्टी. त्यात नावाजलेली ‘एमटी’ ही जपानमधल्या कुराशिकी गावच्या कामोई कंपनीची. १९२३ मध्ये माशा चिकटवायचे कागद करणारी ही मंडळी २००८ मध्ये रंगीत टेपकडे वळली! नेहमीची पट्टी १५ मिमी रुंद, म्हणजे जवळपास बरोबर चार चौकटी. लावण्याआधी पट्टी एकदा कापडावर चिकटवून काढली तर तिचा जोर कमी होतो. नाहीतर जागा बदलताना कागदाचा वरचा पापुद्रा सोलून येतो. बाटलीतला पातळ डिंक नकोच, कागद कायमचा सुरकुततो. ग्लू-स्टिक किंवा ठिपक्यांचा टेप-ग्लू वापरावा, तोही फक्त कडांना.

बसचं तिकीट, दुकानाची पावती, एटीएमची चिठ्ठी चिकटवताना आधी नखाने ओरखडा मारून पाहा. काळी रेघ उमटली तर तो थर्मल कागद. त्यावरचा मजकूर काही महिन्यांत पुसट होतो आणि गोंदाने लवकरच उडतो. त्याची झेरॉक्स चिकटवा. सोनचाफ्याची पाकळी किंवा पिंपळपान वर्तमानपत्रात वजनाखाली निदान दोन आठवडे ठेवा. ओलं राहिलं की आधी डाग पडतो, मग बुरशी धरते.

खरी गडबड फुगण्याची. सगळे फोटो पानाच्या मधोमध चिकटवले की दिवाळीपर्यंत वही जबडा उघडून बसते आणि कव्हर आवळतं. चिकटवायची जागा वर, खाली, कडेला अशी बदलत राहावी. काही जण जाडी कमी करायला मधली पानं उपटतात. शिवणीतल्या पानाचं जोडपान असतं, ते पुढे कधीतरी सुटून हातात येतं. कापायचंच असेल तर आतून एक सेंटिमीटरची पट्टी सोडून कापा. भरपूर चिकटवणाऱ्यांनी सरळ याच डायरीची ‘आवेक’ आवृत्ती घ्यावी. ती सहा-सहा महिन्यांच्या दोन भागांत येते. मोठं अक्षर असेल तर ए५ आकाराची ‘कझिन’ आवृत्ती, पण ती पर्समध्ये जड होते.

नवी आवृत्ती १ सप्टेंबरला विक्रीला येते. कव्हर वेगळं विकत घ्यावं लागतं, त्यात शिपिंग आणि कस्टम ड्युटी धरून मगच किंमत परवडते का ते बघा. रोज चार ओळींपलीकडे लिहिणार नसाल तर एवढा खर्च कशाला? शंभर रुपयांच्या डायरीला वाशी टेप तितकीच छान चिकटते.

भरलेल्या वह्या कोकणात, मुंबईत उभ्याच ठेवा, आडव्या रचू नका, दाबाने टेपचा गोंद समोरच्या पानाला धरतो. सोबत सिलिकाची पुडी आणि कसरीसाठी कापडात बांधलेलं वेखंड ठेवा.