समुद्रकाठचा नवा विहारपथ: साठीपुढच्या पर्यटकांच्या नजरेतून

परभणीच्या आमच्या ज्येष्ठ मंडळींपैकी अनेकांनी साठी उलटेपर्यंत समुद्र पाहिलेला नव्हता. मोठे पाणी म्हणजे पैठणचा नाथसागर, नाहीतर नांदेडचा गोदाघाट. म्हणूनच कोकणातल्या एका लहान शहराने वाळूलगत बांधलेल्या नव्या विहारपथाची आम्हांला उत्सुकता होती. पथ रुंद आहे आणि वाहनांपासून पूर्णपणे वेगळा ठेवलेला आहे, हे श्रेय आधीच देऊन टाकतो.

अडचण बसण्यापासून सुरू होते. ग्रॅनाइटची बाके देखणी आहेत, पण इतकी ठेंगणी आणि बिनपाठीची आहेत की गुडघे धरलेला माणूस एकदा बसला की त्याला उठता येत नाही. आमच्यातल्या एका काकूंना अखेर शेजारच्या कचरापेटीच्या कडेचा आधार घेऊन उठावे लागले. बैठक साधारण ४५ सेंटिमीटर उंच असावी, पाठ टेकता यावी आणि दोन्ही बाजूंना हात असावेत, म्हणजे उठताना भार हातांवर घेता येतो. सेल्फी पॉइंटच्या रोषणाईवर खर्च करणाऱ्यांना एवढे सहज जमले असते.

वाळूकडे उतरणारा रॅम्प तर केवळ नावापुरता आहे. सर्वसाधारण निकष १:१२ उताराचा, म्हणजे ६० सेंटिमीटर उंचीसाठी ७.२ मीटर लांबीचा आहे. इथे तेवढीच उंची जेमतेम तीन मीटरांत संपवली आहे. कठडा एकाच बाजूला आणि तोही रंगवलेल्या लोखंडी पाइपचा असल्यामुळे खाऱ्या वाऱ्याने त्याचे गंजके पापुद्रे सुटले असून ते तळहाताला टोचतात. समुद्राजवळ मॉलिब्डेनमयुक्त ३१६ दर्जाचे स्टेनलेस स्टील वापरतात, ते याचसाठी.

सर्वांत मोठी उणीव मात्र स्वच्छतागृहाची आहे. ते वाहनतळाच्या पलीकडच्या टोकाला आहे. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे लघवीला वारंवार जावे लागते. त्या धास्तीने आमच्यातली निम्मी मंडळी त्या दमट हवेत घोटभर पाणीही न पिता बसून राहिली, आणि हे प्रकृतीच्या दृष्टीने रॅम्पवरून घसरण्याइतकेच धोक्याचे आहे.

मराठवाड्यातून जाणाऱ्या ज्येष्ठांनी सध्या उन्हे उतरल्यावर, रॅम्प टाळून उत्तरेकडच्या सपाट वाटेने जावे. तिथल्या चहाच्या टपरीवर हात असलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या मिळतात आणि समुद्रही तितकाच दिसतो.